स्लो कूकरमध्ये हरणाचे गोश्त: आधी खात्री, मग मसाला

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली की मोठ्या दुकानांच्या फ्रीजमध्ये गाय-मेंढीच्या गोश्ताशेजारी आणखी एक पाकीट दिसू लागते. त्यावर 'व्हेनिसन' लिहिलेले असते. व्हेनिसन म्हणजे हरणाचे गोश्त. रंग काळसर लाल, चरबी जवळजवळ नाही, किंमतही फार जास्त नाही. रत्नागिरी-रायगडकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या घरांतल्या एखाद्या नव्या सुनेला शेजारीण सांगते, "सकाळी स्लो कूकरमध्ये टाक, संध्याकाळी कामावरून येशील तेव्हा तयार." हरीण हलाल जनावर आहे हे तर लहानपणापासून माहीत असते. हात पाकिटाकडे जातो आणि तिथेच थबकतो. जनावर हलाल आहे, पण हे गोश्त हलाल आहे का?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे आणि त्यानंतरच्या भांड्याबद्दलही. गोश्त कितीही चिवट असले तरी स्लो कूकर त्याला मऊ करतो. पण भांड्यात पडण्याआधी त्या जनावराचे काय झाले आणि बरोबर कोणकोणत्या वस्तू पडणार आहेत, हे घरातल्या बाईलाच बघावे लागते.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांपैकी कशाचीही शिकार करणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिकार दुसऱ्याने केली आणि आपण फक्त दोन किलो गोश्त घेतले, तरी ते जवळ बाळगणे हाही गुन्हाच. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होते. जंगलाच्या कडेच्या गावांत "ताजे आलेय, हवे का?" असे कोणी हळूच विचारले, तर उत्तर एकच. खाली दिलेली कृती इथल्या घरांनी बोकडाच्या गोश्तावर करावी. बकरी ईदनंतर घरात येणाऱ्या मोठ्या बोकडाच्या गोश्ताला तर ती फार चांगली लागू पडते.

गोळीने पडलेले जनावर

ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात. त्यांपैकी लाल हरीण आणि रो हरीण या दोनच मूळच्या, बाकीच्या माणसांनी बाहेरून आणलेल्या. लांडगा आणि लिंक्स तिथून केव्हाच संपले. हरणांना खाणारा कोणी उरला नाही, संख्या वाढत गेली आणि आज ती वीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला जातो. हरणे नवी झाडे आणि उभी पिके खातात, म्हणून दरवर्षी बऱ्याच हरणांना बंदुकीने टिपले जाते आणि त्यांचे गोश्त बाजारात येते. दुकानातले 'वाइल्ड व्हेनिसन' म्हणजे हे.

शिकारीला आपल्या दीनमध्ये मनाई नाही. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांनी पकडलेल्या शिकारीची परवानगी आहे, आणि एहरामच्या हालतीत शिकार करण्यावर असलेली बंदी त्याच सूरहमध्ये पुढे आली आहे. पण तिसऱ्या आयतीत मार लागून मेलेले, उंचावरून पडून मेलेले जनावर हराम ठरवले आहे. हा फरक कसा ओळखायचा, याचा खुलासा हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये मिळतो. ते स्वतः शिकारी. त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांना मिअराद नावाच्या जाड दांडीच्या बाणाबद्दल विचारले. उत्तराचा मतलब असा की टोकाने भेदले असेल तर खा, आडवा बसून माराने मेले असेल तर खाऊ नका. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

बंदूक नंतर आली आणि वाद इथूनच सुरू झाला. गोळी शरीर भेदून आत जाते, म्हणून ती बाणाच्या टोकासारखी, असे काही उलेमांचे मत आहे. हनफी आणि शाफिई दोन्ही मजहबांतले अनेक उलेमा मात्र म्हणतात की गोळीला धार नसते, ती जोराने आणि धक्क्याने मारते. त्यांच्या मते गोळी लागलेले हरीण जिवंत हाती लागले आणि जिबह केले, तरच हलाल.

बिस्मिल्लाहच्या बाबतीतही फरक आहे. हनफी मजहबात ते जाणूनबुजून सोडले तर जनावर हलाल राहत नाही. शाफिई मजहबात बिस्मिल्लाह म्हणणे सुन्नत आहे. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफिई, घाटावरची बहुतेक हनफी. एकाच दस्तरखानावर दोन्ही पाहुणे बसलेले असतात, हे यजमानीणीने लक्षात ठेवलेले बरे.

पण त्या पाकिटापुरता विचार केला तर या बारीक वादापर्यंत जायची गरजच पडत नाही. गोळी झाडणारा कोण होता, मुसलमान होता की अहले किताब होता की काहीच मानणारा नव्हता, त्याने नाव घेतले का, हरीण जागीच मेले का, यातले काहीही पाकिटावर लिहिलेले नसते आणि दुकानदारालाही माहीत नसते. माझे मत सरळ आहे: हलालची खूण नसलेले 'वाइल्ड व्हेनिसन' घरी आणू नये.

त्याला आणखी एक दुनियवी कारण आहे. शिशाच्या गोळीने टिपलेल्या शिकारीच्या गोश्तात शिशाचे बारीक कण राहू शकतात, ते धुऊन जात नाहीत. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी असे गोश्त टाळावे, असा सल्ला तिथली सरकारी अन्नसंस्थाच देते.

पाळीव हरीण

मग उरते पाळीव हरीण. ब्रिटनमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांसारखी हरणे कुंपणात पाळतात. इथे एक गैरसमज होतो. 'फार्म्ड' लिहिले म्हणजे जनावर कसाईखान्यात रीतसर कापले असणार, असे वाटते. तसे नसते. हरीण बिथरणारे जनावर, गाडीत घालून नेताना घाबरते, म्हणून ब्रिटनमध्ये काही शेतांवर त्याला कुंपणातच बंदुकीने मारतात. आणि शिकारीची सवलत आहे ती हाती न येणाऱ्या जनावरासाठी. जे आपल्या ताब्यात आहे, त्याला गाय-बकरीसारखे गळ्यावर जिबह करणेच लागते. म्हणजे कुंपणातल्या हरणाला गोळी घातली तर बिस्मिल्लाह म्हणूनही काम भागत नाही.

तिकडे काही हलाल खाटीक पाळीव हरीण जिबह करून विकतात. मागणी कमी, त्यामुळे बहुधा आधी सांगून ठेवावे लागते आणि गोठवलेले मिळते. त्यांना विचारताना नुसते "हलाल आहे ना?" विचारू नये. या प्रश्नाला "हो" शिवाय दुसरे उत्तर मिळालेले मी तरी ऐकले नाही. विचारायचे ते असे: जनावर कुठे कापले, हाताने जिबह झाले का, आधी बधिर केले होते का, आणि दाखला कोणाचा आहे? ब्रिटनमध्ये दाखला देणाऱ्या संस्थांतही फरक आहे. हलाल मॉनिटरिंग कमिटी जनावर बधिर करणे अजिबात मान्य करत नाही. हलाल फूड अथॉरिटी ज्या बधिरीकरणाने जनावर मरत नाही ते चालवून घेते. आपल्या घराला कोणते चालते, हे आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारून एकदाच ठरवून टाकावे. दर शुक्रवारी खाटकाच्या दारात उभे राहून ठरवण्याची ही गोष्ट नाही.

कृतीतल्या तीन वस्तू

गोश्त हलाल मिळाले. आता कृती. हरणाच्या स्ट्यूची कुठलीही इंग्रजी कृती उघडा, तीन वस्तू हमखास सापडतील: रेड वाइन, बेकन आणि बीफ स्टॉकची वडी. प्रत्येकीच्या मागे स्वयंपाकाचे एक कारण आहे. ते समजले की बदली काय घालायचे तेही कळते.

वाइन घालतात ती आंबटपणासाठी आणि गडद रंगासाठी. "शिजताना दारू उडून जाते" असे तिकडे सगळेच सांगतात. दारू घातलेले अन्न आपल्याला चालत नाही, तेव्हा ती उडते की राहते हा हिशोब करायचे कारण नाही. पण तो दावाही पुरता खरा नाही. अडीच तास उकळल्यावरदेखील सुमारे ५ टक्के मद्यार्क मागे राहतो, असे अमेरिकी कृषी खात्याचे तक्ते सांगतात. स्लो कूकरचे झाकण तर दिवसभर बंद असते, वाफ बाहेर पडायला जागाच नाही. आपल्याकडे याला देखणी बदली आहे: आमसुले. रंग तसाच, आंबटपणा तसाच, वर कोकणचा वास. आमसुले नसतील तर डाळिंबाचा रस आणि चमचाभर सिरका.

बेकन घालतात ते चरबीसाठी, कारण हरणाच्या गोश्तात ती नसतेच. त्याच्या जागी साजूक तूप आणि मेंढीच्या दोन-तीन नळ्या. नळीतला मगज विरघळून रश्शाला जी गोडी आणतो, ती बेकनने येणार नाही. स्टॉकच्या वडीवर बीफ किंवा चिकन लिहिलेले असले आणि हलालची खूण नसली तर ती हराम गोश्ताच्या अर्काचीच समजावी. भाज्यांची वडी घ्यावी, आणि नळ्या घातल्या असतील तर तीही लागत नाही.

उलट दोन वस्तूंना उगीच घाबरतात. जुनिपर नावाचे काळे मण्यासारखे फळ या कृतींत असते. जिन या दारूला त्याचाच वास असतो म्हणून काहीजणी ते बाजूला सारतात, पण ते साधे वाळवलेले फळ आहे, मिरीसारखे वापरायचे. आणि लाल करंटची जेली नावामुळे संशयास्पद वाटते. ती साधारणपणे फळातल्या पेक्टिनने घट्ट होते, जिलेटिनने नव्हे. तरी बाटलीवरची यादी वाचायला दोन मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

भांडे कसे काम करते

या विजेच्या भांड्याची कहाणी मजेदार आहे. शिकागोचे यहुदी संशोधक आयर्विंग नॅक्सन यांनी ते बनवले, १९४० साली त्यांना पेटंट मिळाले. मूळ कल्पना लिथुआनियातल्या आजीच्या चोलेंटची. सब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी कडधान्य-गोश्ताचे भांडे गावच्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा घेतला आणि पुढच्याच वर्षी 'क्रॉक-पॉट' नावाने हे भांडे बाजारात आणले. रात्रभर मंद आचेवर शिजणारे भांडे आपल्याला कुठे नवीन आहे? निहारीचे नावच 'नहार' म्हणजे दिवस या अरबी शब्दावरून आले. रात्री चढवायची, फजरनंतर खायची. बगदादच्या १३व्या शतकातल्या पाककृतींच्या किताबातही रात्रभर तंदुरात ठेवायची हरीसा आहे. नॅक्सन यांनी भट्टीच्या जागी वीज आणली, इतकेच.

भांड्याच्या भिंतीत तारा असतात, आत चिनीमातीचे जड भांडे. 'लो' आणि 'हाय' यांत शेवटच्या तापमानाचा फरक फारसा नसतो. दोन्ही उकळीच्या थोडे खाली जाऊन थांबतात. फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे. म्हणून 'हाय'चे चार तास म्हणजे 'लो'चे साधारण आठ.

चिवट गोश्तात सांध्यांना धरून ठेवणारा पांढरा चिकट पदार्थ असतो, कोलॅजेन. ओल्या उष्णतेत कित्येक तास राहिला की त्याचे जिलेटिन होते, धागे सुटतात आणि रस्सा ओठाला चिकटतो. म्हणूनच हरणाचा खांदा, मान आणि नडगी स्लो कूकरसाठी घ्यावी. पाठीचा मऊ तुकडा महाग म्हणून चांगला असे समजून घेऊ नका. त्यात कोलॅजेन नाही, चरबीही नाही, आठ तासांत त्याचा भुसा होतो.

आता कृती

सहा माणसांसाठी एक किलो खांदा घ्यावा. वरची पांढरी चरबी आणि चकाकणारा पातळ पापुद्रा सुरीने काढून टाकावा. बकऱ्याच्या चरबीसारखी ही चरबी ठेवायची नसते. ती मेणासारखी असते, जेवताना टाळूला चिकटते, आणि उग्र वासही बराचसा तिचाच असतो. वास नकोच असेल तर तुकडे रात्रभर दह्यात फ्रीजमध्ये ठेवावेत आणि सकाळी पुसून घ्यावेत. तुकडे मोठे, दीड इंचाचे. बारीक केले तर विरघळतात.

कढईत तीन चमचे तूप तापवून तुकडे थोडेथोडे घालून खरपूस परतावेत. ही पायरी कंटाळा आला म्हणून सोडू नये. स्लो कूकरमध्ये पाणी असते, तिथे गोश्त शिजते पण तांबूस होत नाही, आणि तो खमंगपणा नंतर कुठल्याही मसाल्याने येत नाही. त्याच कढईत तीन कांदे तपकिरी होईपर्यंत, मग आले-लसणाचा मोठा चमचाभर ठेचा, दोन टोमॅटो, अर्धा चमचा हळद आणि बेताचे तिखट. शेवटी कढईत कपभर पाणी घालून तळाला लागलेले खरवडून घ्यावे.

भांड्यात सर्वांत खाली गाजर, सलगम, बटाटे. ऐकायला उलटे वाटेल, पण या भांड्यात कंदमुळे गोश्तापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून ती तळाशी आणि कडेला. त्यावर नळ्या, गोश्त, कांद्याचा मसाला, धुतलेले अर्धी वाटी जव, दोन तेजपाने, सात-आठ मिरी, तीन लवंगा, दालचिनीचा एक तुकडा. आख्खा मसाला नेहमीच्या निम्माच, कारण आठ तासांत लवंग सगळ्यांवर बसते. मीठही निम्मे. कढईतले धरून पाणी तीन कप, गरम. ते जवासाठी लागते. जव नसतील तर दीड कप पुरे, कारण वाफ आटत नाही. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि पाऊणपेक्षा जास्त भरू नये.

'लो'वर आठ तास. आणि झाकण उघडून बघायचे नाही. एकदा उघडले की गेलेली ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. शेवटच्या तासात सहा-सात आमसुले, उरलेले मीठ आणि चिमूटभर गरम मसाला. आमसुले आधी घातली तर आंबटपणामुळे भाज्या टणक राहतात. दही किंवा मलई घालायची असेल तर तीही अगदी शेवटी, नाहीतर फाटते.

बोकडाच्या गोश्ताला हेच सगळे चालते, फक्त तूप एक चमचा पुरे आणि कोवळे असेल तर सहा तासांत होते. रमजान थंडीत येतो तेव्हा फजरनंतर लावून ठेवले की इफ्तारला तयार, आणि असरनंतरचा वेळ चुलीपुढे न जाता तिलावतीला मिळतो.

काही गोष्टी सुरक्षिततेच्या. गोठलेले गोश्त सरळ भांड्यात टाकू नये. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू सर्वांत जोरात वाढतात आणि गोठलेला गोळा त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवावे. राजमा घालायचा असेल तर भिजवून, पाणी टाकून, चुलीवर आधी किमान १० मिनिटे खळखळून उकळावा. कच्च्या राजम्यातले विष स्लो कूकरच्या मंद आचेवर मरत नाही, उलट वाढू शकते, आणि चार-पाच दाण्यांनीही जबर उलट्या होतात. आपल्याकडे वीज जाते. आपण घरात नसताना ती किती वेळ गेली हे कळले नाही, तर ते अन्न वाया गेलेले परवडले. घरी असाल तर लगेच गॅसवर पुरे करावे. खर्चाचे म्हणाल तर २०० वॉटचे भांडे आठ तासांत दीड युनिटाच्या आसपास वीज घेते.

हे गोश्त तांदळाच्या भाकरीबरोबर चांगले लागते. घरी सांदण वाफवलेली असतील तर त्याहून चांगले, कारण रस्सा त्यात मुरतो. वर कोथिंबीर आणि आल्याच्या बारीक काड्या. उरले तर उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी चुलीवरच उकळी आणून गरम करावे, स्लो कूकरमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी जव फुगून रस्सा घट्ट होतो. तेव्हा गोश्त डावेने ठेचून, वर तळलेला कांदा आणि लिंबू घातले की मुले हलीम समजून खातात.